निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांचा गौरव : समितीच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

आज पहिली मीटिंग. मेअखेर आमच्या विद्यापीठातले सात प्राध्यापक निवृत्त होतायत, त्यांच्या गौरवाचं काम आमच्या छोट्या समितीकडे आलंय. मी, लायब्ररीतल्या एक ताई, भौतिकशास्त्राचा एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) आणि आर्ट्सकडच्या दोन मॅडम. गेल्या काही वर्षांची सन्मानपत्रं फाइलमधून काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि सगळेच गप्प झाले. नाव आणि विषय सोडला तर मजकूर तोच. 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य', 'विद्यार्थीप्रिय', 'संशोधन क्षेत्रात मोलाचे योगदान'. एका वर्षी तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांच्या पत्रात 'भाषेवरील प्रभुत्व' राहून गेलंय, म्हणजे आदल्या वर्षीचंच पत्र उचलून नाव बदललेलं. तीस-पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला जाताना हे देणं म्हणजे तुम्ही नक्की काय केलंत ते आम्हाला माहीत नाही, हेच फ्रेम करून हातात ठेवणं.

एकच नियम ठरला. प्रत्येकाच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य असं हवं की नाव झाकून वाचलं तरी ते दुसऱ्या कोणाला लागू पडणार नाही. बाकी हॉल, मोमेंटो, निमंत्रणं नंतर.

९ जानेवारी

संशोधनाची माहिती गोळा करायची म्हणजे आधी डेटाबेस, कारण ते सोपं पडतं. स्कोपस आणि गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधन-लेखांची आणि त्यांना कोणी संदर्भात घेतलं याची नोंद ठेवणारे डेटाबेस, दोन्हीकडून याद्या काढल्या. (दोन्ही २००४ सालचे, त्यामुळे त्याआधीच्या कामाची नोंद पुरेशी आहे का हा प्रश्न मुळातच आहे. आणि या सातही जणांचं निम्मं आयुष्य त्याआधीचं.) पोस्टडॉकने हौसेने तक्ता केला. पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. तक्ता बघून कोणी म्हणेल की रसायनच्या मॅडम सगळ्यात थोर आणि इतिहासाच्या सरांनी आयुष्यभर सुट्टी घेतली. स्कोपसवर सरांचा एच-इंडेक्स दोन!

आता एच-इंडेक्स म्हणजे काय, तर तुमच्या 'एच' इतक्या पेपरांना प्रत्येकी किमान 'एच' वेळा कोणी संदर्भात घेतलंय. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेलं माप आहे, आणि एका विषयाचा आकडा दुसऱ्या विषयाशी लावू नका हे त्याने त्याच पेपरात सांगितलं होतं. इतिहासाच्या सरांनी चार पुस्तकं लिहिलीत, मोडी कागदपत्रांचं संपादन केलंय आणि लेख जवळपास सगळे मराठी नियतकालिकांत. या डेटाबेसात पुस्तकं धड मोजली जात नाहीत आणि मराठी तर बहुतेक दिसतच नाही. म्हणजे आकडा सरांबद्दल काहीच सांगत नाही, मोजणाऱ्याला काय दिसत नाही तेवढं सांगतो.

ठरलं, सन्मानपत्रात एच-इंडेक्स नाही, कोणाचाच नाही. रसायनच्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "बरं झालं, मला तो आकडा कधी पाठच नव्हता."

१६ जानेवारी

रसायनच्या मॅडमच्या यादीत एक भलताच प्रकार सापडला. पेपर दोन प्रोफाइलांत विभागलेत, लग्नाआधीच्या आडनावावर वेगळे, नंतरच्यावर वेगळे. सगळ्यात जास्त वापरला गेलेला पेपर पहिल्या नावावरचा, पीएचडीच्या काळातला. तो त्यांच्या आत्ताच्या प्रोफाइलवर नाहीच. म्हणजे गेली कित्येक वर्षं त्यांच्या प्रत्येक मूल्यांकनात तो धरलाच गेला नसणार. त्यांना सांगितलं तर आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "हो, सांगितलं होतं एकदा ऑफिसात. प्रमाणपत्र आणा म्हणाले. मग राहिलं."

ऑर्किड आयडी काढून दिला. हा संशोधकाचा १६ अंकी ओळख क्रमांक २०१२ पासून मिळतो, फुकट आहे, आणि त्यात सगळी नावं एकाच माणसाखाली जोडता येतात. डेटाबेसवाल्यांना दोन प्रोफाइल एकत्र करायची विनंतीही टाकली. निवृत्तीला काही महिने राहिले असताना हे करतोय याची जरा लाज वाटते, पण पेपर तर नंतरही वाचले जाणारच आहेत.

२८ जानेवारी

माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवली. याद्या मिळवणं हेच मोठं काम, विभागांकडे पीएचडीवाल्यांची नावं आहेत, एमएस्सी-एमएची अर्धवट, पदवीची जवळपास नाहीतच. व्हॉट्सअॅपचे जुने ग्रुप कामाला आले. एक जण दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला, तसं चाललंय.

४ फेब्रुवारी

उत्तरं आली, धो धो आली, आणि बहुतेक सगळी निरुपयोगी. 'सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ.' 'मॅडम आम्हाला आईसारख्या.' 'हाडाचे शिक्षक.' चालतीबोलती विद्यापीठं आमच्याकडे आता पाच झाली. माणसं खोटं बोलत नाहीयेत, प्रेम खरं आहे, पण 'चार शब्द लिहा' म्हटलं की हात आपोआप निरोप समारंभाच्या भाषेकडे जातो. चूक प्रश्नाची.

म्हणून प्रश्न बदलले. एक : त्यांच्या एखाद्या तासाला नक्की काय झालं ते आठवतं का, विषय कुठला होता? दोन : तुमच्या वहीवर, ड्राफ्टवर, उत्तरपत्रिकेवर त्यांनी लिहिलेला एखादा शेरा आठवतो का? फोटो असेल तर उत्तमच. तीन : आज तुमच्या कामात त्यांची कुठली सवय तुम्हाला लागलीय? आणि खाली ठळक अक्षरात, विशेषणं वापरू नका.

११ फेब्रुवारी

प्रश्न बदलल्यावर उत्तरं कमी आली पण काय एकेक आलीत!

गणिताच्या सरांच्या एका विद्यार्थिनीने २००३ च्या होमवर्कचा फोटो पाठवलाय. पान भरून सिद्धता, आणि सरांनी कुठेही चूक किंवा बरोबर असं लिहिलेलं नाही. एका ओळीखाली बारीक पेन्सिलने फक्त 'हे तुला कुठून कळलं?' ती लिहिते की ती ओळ तिने पुस्तकातून न समजता उतरवली होती, सरांनी नेमकी तीच धरली, आणि आता ती स्वतः शिकवते तेव्हा तिचाही शेरा हाच असतो.

समाजशास्त्राच्या मॅडमबद्दल एकाने लिहिलंय की फील्डवर्कला नेताना त्या सांगायच्या, पहिल्या दिवशी वही काढायची नाही, नुसतं बसायचं. तो आता पत्रकार आहे, म्हणतो मी अजून काढत नाही.

आता हे खरं सन्मानपत्रात जाईल. लायब्ररीतल्या ताई म्हणाल्या, अशी दोन वाक्यं प्रत्येकाची मिळाली तरी आपलं काम झालं. मला वाटतं सगळ्यांची नाही मिळणार.

१५ फेब्रुवारी

ताईंना एक भन्नाट कल्पना सुचली. विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे डिजिटल संग्रहात, सगळे शोधप्रबंध स्कॅन करून ठेवलेत, त्यातले ऋणनिर्देश वाचायचे. स्वतःच्या विद्यार्थ्यांचे नाहीत, दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांचे! गाइडचे आभार तर मानावेच लागतात, पण जो माणूस गाइड नाही, कमिटीवर नाही, विभागसुद्धा वेगळा, त्याचं नाव आलं तर त्याने खरंच काहीतरी दिलेलं असतं.

शोध लावला आणि इतिहासाचे सर भूगोल, अर्थशास्त्र, अगदी वास्तुशास्त्राच्या प्रबंधातसुद्धा निघाले. 'मोडी वाचून दिल्याबद्दल', 'जमीनमोजणीची जुनी एककं समजावून दिल्याबद्दल', 'स्वतःची कार्डं वापरू दिल्याबद्दल'. एच-इंडेक्स दोन म्हणे.

१९ फेब्रुवारी

इतिहासाच्या सरांच्या खोलीतलं कपाट उघडलं. अर्धा दिवस ठेवला होता, दिवस गेला. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सी एकमेकींना चिकटून वीट झालीय, ३५ मिमीच्या स्लाइड्सना बुरशी, कॅसेटवर मुलाखती, आणि बुटाच्या खोक्यात फ्लॉपी. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो, तो पोस्टडॉकने आणला, आणि बऱ्याच वाचल्याही गेल्या. सव्वापाच इंची होत्या त्यांना यूएसबी ड्राइव्हचा उपयोग नाही, त्या बाजूला ठेवल्या.

खरी मजा पुढे. फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. सर मागून म्हणाले, "अरे ते माझं दुसरं पुस्तक आहे." युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण साध्या कॉम्प्युटरवर ती धड चालायला लागली विंडोज २००० च्या आसपास आणि लोकांच्या हातात यायला त्याहून वेळ लागला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, 'क' कुठल्या रोमन अक्षराच्या जागी बसवायचा हे जो तो आपापलं ठरवणार. फॉन्ट गेला की मजकूर गेला. फाइल शाबूत, अक्षरन् अक्षर शाबूत, आणि वाचता येत नाही.

फॉन्टचं नाव फाइलमध्ये सापडलं, त्यावरून कन्व्हर्टर चालवला. नव्वद टक्के बरोबर आलं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून पळाल्या. 'र्म' च्या जागी 'मर्' आणि 'कि' च्या जागी 'िक', असं पानोपान. सर छापील प्रत मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही स्क्रीनवर. पहिलं प्रकरण वाचून दुरुस्त झालं. मध्येच थांबून म्हणाले, "हे वाक्य मी आज असं नसतं लिहिलं." बदलायचं का विचारलं तर म्हणाले नको, तेव्हा तसंच वाटत होतं.

२३ फेब्रुवारी

कालपासून डोक्यात एकच विचार फिरतोय. संशोधनाचा निदान कागद तरी उरतो. शिकवण्याचं काहीच उरत नाही. पस्तीस वर्षं आठवड्याला दहा-बारा तास शिकवलंय त्याचा विद्यापीठाकडे पुरावा काय, तर टाइमटेबल आणि मस्टर. जे सांगितलं ते हवेत गेलं.

सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचं उदाहरण मीटिंगमध्ये सांगितलं. जिनिव्हात त्याने १९०७ ते १९११ मध्ये सामान्य भाषाशास्त्रावर तीन वेळा कोर्स घेतला, पुस्तक काही लिहिलं नाही, १९१३ मध्ये वारला. सहकाऱ्यांना वाटलं टिपणं असतील, ती फारशी सापडलीच नाहीत. मग बायी आणि सेशेए या दोघांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा केल्या आणि त्यांवरून १९१६ मध्ये पुस्तक उभं केलं. आणि हे दोघं स्वतः त्या तासांना बसलेलेच नव्हते! विसाव्या शतकातलं अर्धं भाषाशास्त्र ज्यावर उभं आहे ते म्हणजे मुलांनी वर्गात घाईघाईत उतरवून घेतलेलं.

तर वह्या. माजी विद्यार्थ्यांना नवा मेसेज गेला, कोणाकडे जुन्या वह्या आहेत का, झेरॉक्स चालेल, फाटकी चालेल, फक्त वर्ष आणि पेपरचं नाव सांगा. शिवाय विभागांकडून जुन्या प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्यांची मॅन्युअल्स, अभ्यासक्रमाचे मसुदे. प्रश्नपत्रिकांची रांग लावून बघितली की माणूस काय महत्त्वाचं मानत गेला आणि ते कसं बदललं हे स्पष्ट दिसतं, पेपर सेट करणारा लपत नाही.

२ मार्च

गौरवग्रंथ काढायचा की नाही यावर आज खडाजंगी. वरून सूचना आहे की 'एखादा ग्रंथ' असावा. मी विरोधात.

बाजूने बोलणाऱ्या मॅडमचा मुद्दा वजनदार होता. म्हणाल्या, १९१७ मध्ये संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना अभ्यासकांनी लेखांचा गौरवग्रंथ दिला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलैला, पुण्यात त्यांच्या नावाची संस्थाच सुरू झाली, त्यांचा ग्रंथसंग्रह तिथे आला आणि शंभर वर्षांनंतरही लोक तिथे जाऊन काम करतात. गौरव असा असावा. मी म्हटलं मान्य, पण त्यात टिकली ती संस्था आणि पुस्तकांचा संग्रह. ग्रंथात कोणाचे कुठले लेख होते ते आपल्यापैकी कोणाला सांगता येतंय? कोणालाच आलं नाही.

पोस्टडॉकने मग माझ्याच विरुद्ध मुद्दा काढला. आइनस्टाइनच्या सत्तरीला १९४९ मध्ये 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स'चा एक अंक त्यांना अर्पण केलेला होता, त्यात गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने आइनस्टाइनच्याच समीकरणांचं असं उत्तर छापलं की ज्या विश्वात तत्त्वतः स्वतःच्या भूतकाळात परत जाता येतं. म्हणजे वाढदिवसाची भेट काय, तर तुमच्या सिद्धांतातून हा विचित्र प्रकार निघतो, आता बोला. हे मला फारच आवडलं. गौरवासाठी म्हणून ड्रॉवरमधला नाकारला गेलेला लेख देणं वेगळं आणि त्या माणसाच्या कामाशी सरळ झुंजणं वेगळं.

शेवटी तोडगा निघाला. ग्रंथ नाही. प्रत्येकासाठी अर्ध्या दिवसाचं चर्चासत्र, तीनच वक्ते, आणि अट एकच, की वक्त्याने प्राध्यापकांचं एक ठरावीक काम घ्यायचं आणि त्यात पुढे काय झालं, कुठे चुकलं, कुठे अजून उभं आहे ते बोलायचं. आठवणी सांगायच्या नाहीत. शेवटी प्राध्यापकांनी उत्तर द्यायचं. वरून होकार यायला वेळ लागेल असं वाटतंय.

९ मार्च

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, सकाळभर. साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेलं झुडूप, दोऱ्याने टाके घातलेले, कोपऱ्यात लेबल, त्यावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचा क्रमांक. मॅडमनी एक शीट काढून दाखवली. मूळ लेबल १९८९ चं, त्यांच्याच अक्षरातलं, विद्यार्थी असतानाचं. त्याच्या शेजारी एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली, १९९७, दुसऱ्या एका तज्ज्ञाने नाव बदललेलं. त्याच्यावर तिसरी चिठ्ठी, २०१४, पुन्हा मॅडमचं अक्षर, पुन्हा वेगळं नाव आणि खाली सही.

जुनी चिठ्ठी काढत नाहीत, हा हर्बेरियमचा नियम. नवं मत वर येतं, आधीची खाली तशीच राहतात, म्हणजे कोणाला केव्हा काय वाटलं आणि का बदललं ते सगळं त्या एका कागदावर. मी विचारलं, स्वतःचंच नाव चुकलेलं असं कायमचं ठेवायला कसं वाटतं? म्हणाल्या, "ते चुकलं म्हणूनच तर तिसरी चिठ्ठी आहे ना."

चर्चासत्राची फाइल मंजूर करून घ्यायला मी हेच शीट दाखवणार आहे. फोटो काढला.

आणि हो, मॅडमच्या शीटांपैकी बऱ्याच अजून त्यांच्या खोलीतल्या कपाटात आहेत, मुख्य संग्रहात नोंदच नाही. त्या गेल्यावर ती खोली दुसऱ्याला मिळणार. हे आधी.

१५ मार्च

गणिताच्या सरांची वंशावळ. मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्ट म्हणून आहे, नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतून चालतं, तीन लाखांवर गणितज्ञांची नोंद, कोणाचा गाइड कोण, त्याचा कोण. वर चढत गेलं की चार-पाच पिढ्यांत आपण इंग्लंडात आणि मग तिथून अडखळतो, कारण तिथे पीएचडीची पदवीच मुळात १९१७ च्या सुमाराला सुरू झाली. हार्डीसारख्या मोठ्या इंग्लिश गणितज्ञाकडेही पीएचडी नव्हती. पोस्टडॉकला भिंतीवर लावायला मोठा चार्ट करायचाय, करू दे, दिसायला छान दिसेल.

माझी तक्रार एवढीच की वंशावळीत फक्त पीएचडी दिसते. सरांचे पीएचडी विद्यार्थी नऊ. पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवलेली मुलं काही हजार, त्यांतली कित्येक आज शाळांत गणित शिकवतात. ती चार्टवर कुठेच नाहीत. खाली रिकामी जागा सोडायला सांगितलीय, त्या दिवशी येणारा कोणीही तिथे स्वतःचं नाव आणि वर्ष लिहू शकेल.

२२ मार्च

भौतिकशास्त्राच्या सरांनी नको म्हटलं. सन्मानपत्र नको, चर्चासत्र नको, मुलाखत तर नकोच. कारण विचारलं तर म्हणाले, "मी पगार घेत होतो." समितीत दोघांचं म्हणणं की मनवू, शेवटी येतील, सगळेच आधी नाही म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याला नको आहे त्याला स्टेजवर ओढून आणणं हा गौरव आपल्यासाठी असतो, त्याच्यासाठी नाही.

परत गेलो, वेगळं विचारलं. सर, समारंभ सोडा, तुम्हाला काय राहायला हवंय? लगेच उत्तर. "माझी गणितं." दर वर्षी नवी बनवलेली, यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्वाची, उत्तरांसकट, तारखेसकट, सगळी हाताने लिहिलेली, फायलींमध्ये लावून ठेवलेली. कुठल्याही पुस्तकात नसलेली. ती स्कॅन करून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय' परवान्याखाली टाकायची, म्हणजे कोणीही वापरा, बदला, फक्त नाव द्या. सर म्हणाले नाव नाही दिलं तरी चालेल. परवान्यात ते द्यावं लागतं हो सर, म्हटलं तर हसले, त्या खोलीत मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं.

२ एप्रिल

आजचं लिहायला जड जातंय. सातांपैकी एकांबद्दल (विषय लिहीत नाही) एका माजी विद्यार्थ्याचं पत्र आलं. विशेषणं अजिबात नाहीत, सगळं तारखांसकट. प्रबंधाची प्रकरणं वर्षवर्षभर न वाचता पडून राहिली, स्कॉलरशिप संपली, तो सोडून गेला. शेवटी लिहिलंय, 'तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, छापायची गरज नाही.' मग आम्ही अजून दोघांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं, जरा मऊ शब्दांत.

मीटिंगमध्ये तीन मतं. दुर्लक्ष करा, गौरव काय तक्रार निवारण नाही. गौरवच रद्द करा. आणि मधलं काहीतरी. त्या सरांचं संशोधन खरंच मोठं आहे, वर्गातलं शिकवणंही चांगलं, ते सगळे सांगतात. मी म्हटलं जे खरं आहे ते लिहू, जे नाही ते लिहायचं नाही. त्यांच्या पत्रात संशोधनाची तीन वाक्यं येतील, व्याख्यानांची येतील. 'विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक' हा शब्द येणार नाही. पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना कळणार नाही, त्यांना स्वतःला कदाचित कळेल. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कळवलं की आम्ही वाचलं आणि त्याने आमच्या मजकुरात फरक पडला. त्याने फक्त 'ठीक' असं उत्तर दिलं.

तक्रारीचं काय, ते या समितीच्या हातात नाही. पण गाइडने प्रकरण किती दिवसांत परत द्यायचं यावर नियम हवा, असं टिपण वर दिलंय.

११ एप्रिल

मुलाखतींचं रेकॉर्डिंग सुरू. शिकलेलं लिहून ठेवतो. दोन रेकॉर्डर लावायचे, एक दगा देतोच. वेव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवते), एमपी३ नाही. पंखा बंद. संमतीपत्र आधी, त्यात 'हा भाग इतकी वर्षं उघडू नये' असा पर्याय हवाच, तो दिला की माणसं मोकळी बोलतात आणि बहुतेक वेळा शेवटी म्हणतात, असू दे उघडं.

'नव्या पिढीला काय संदेश द्याल' हा प्रश्न बाद केलाय. त्याऐवजी, कुठला प्रयोग फसला? कुठला कोर्स शिकवायला आवडायचा नाही? कोणाच्या पेपरामुळे रात्रीची झोप गेली? रसायनच्या मॅडम फसलेल्या एका संश्लेषणावर अखंड बोलल्या, कुठला सॉल्व्हंट, किती तापमान, सातव्या पायरीला काय व्हायचं, आणि मग म्हणाल्या की त्यांची लॅब चालली ती त्यांच्या लॅब असिस्टंटमुळे, व्हॅक्यूम लाइन फक्त त्यांनाच साधायची, आणि त्यांचं नाव एकाही पेपरवर नाही. आता बऱ्याच नियतकालिकांत पेपरात कोणी काय केलं हे सांगायला १४ भूमिकांची यादी असते, तेव्हा अशी काही सोय नव्हती. असिस्टंट काका अजून इथेच आहेत, त्यांचीही मुलाखत लावली. ते आधी म्हणाले माझी कशाला.

२५ एप्रिल

कंटाळवाणी पण महत्त्वाची कामं. ई-मेल : निवृत्तीनंतर अकाउंट बंद होतं आणि शेकडो पेपरांवर संपर्काचा पत्ता तोच छापलेला असतो. कॉम्प्युटर सेंटरकडे निदान फॉरवर्डिंग मागितलं. चालू पीएचडी विद्यार्थी : कोणाकडे सोपवायचे ते विभागाने अजून ठरवलेलं नाही, मुलं धास्तावलेली आहेत, ही खरं तर समारंभापेक्षा आधी सोडवायची गोष्ट. (अमेरिकेत १९९४ पासून प्राध्यापकांना सक्तीची निवृत्ती नाही, तिथे प्रश्न उलटा असतो, जागा रिकामी होत नाही म्हणून तरुण बाहेर.) उणे ८० च्या फ्रीजरमधले नमुने : यादी आहे, लेबलं पुसट झालीत. हर्बेरियमच्या शीटा मुख्य संग्रहात गेल्या, नोंद झाली.

चर्चासत्रांना होकार आला.

९ मे

सन्मानपत्रांचे मसुदे ज्याचे त्याला दाखवले. फक्त तथ्यं तपासायला, स्तुती वाढवायला नाही. उलटंच झालं, तिघांनी कमी करायला सांगितलं. गणिताच्या सरांनी 'सिद्ध केले' खोडून 'एका विशेष बाबतीत सिद्ध केले' केलं. इतिहासाच्या सरांनी दोन अनुस्वार.

कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटं. हे त्यांना सांगायचं कोणी, यावर मीटिंगचा निम्मा वेळ गेला.

२३ मे

झाला. पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले, तेही प्रामुख्याने स्वतःच्या गुरूंबद्दल. जाऊ दे.

बाकी चांगलं. चर्चासत्रं त्याआधीच्या आठवड्यात उरकली होती आणि त्यातलं समाजशास्त्राचं सगळ्यात रंगलं, मॅडमच्याच विद्यार्थिनीने त्यांच्या १९९८ च्या अभ्यासातलं नमुना निवडणं कसं एकांगी होतं ते मांडलं, मॅडम शांतपणे नोट्स घेत होत्या, मग उठल्या आणि तिच्या आकडेवारीतली एक गोम दाखवली. सभागृहातली पहिल्या वर्षाची मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. समारंभात सन्मानपत्रं विद्यार्थ्यांनीच वाचली, प्रत्येक साधारण दोन मिनिटं. पेन्सिलच्या शेऱ्याचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "माझ्याकडेपण आहे तो." लॅब असिस्टंट काकांना मॅडमनी स्वतः पुढे बोलावलं, ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. भौतिकशास्त्राचे सर आले नाहीत, त्यांच्या गणितांची लिंक सकाळी उघडली होती.

वंशावळीखालची जागा संध्याकाळपर्यंत भरली, मग लोकांनी कडेने लिहिलं.

३० मे

उरलेलं : वह्यांचं स्कॅनिंग ६०० डीपीआयला चालू, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफ) करून रिपॉझिटरीत टाकणार. सव्वापाच इंची फ्लॉपी अजून तशाच, ड्राइव्ह असलेली जुनी मशीन कोणाकडे आहे का विचारतोय. ई-मेल फॉरवर्डिंग दोन वर्षांसाठी मंजूर, आम्ही कायम मागितलं होतं. पीएचडीची मुलं एक सोडून सगळी नव्या गाइडकडे लागली, त्या एकाचं सोमवारी विभागप्रमुखांशी बोलायचंय.

पुढच्या तुकडीसाठी फॉर्म आत्ताच पाठवला, निवृत्तीला पाच वर्षं असलेल्या सगळ्यांना. वह्या, प्रश्नपत्रिका, जुन्या फायली, कुठला फॉन्ट वापरलाय, नमुने कुठे आहेत, नाव बदललंय का. एका सरांचं लगेच उत्तर आलं, "इतक्यात घालवताय का मला?" आणि खाली तीन फ्लॉपींचा फोटो.